तीन म्हणायच्या आत

चंद्रभान लांजेवार मुळात भिडस्त माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो मागे सरकायचा. जे बोलायचं ते सगळ्यांचं बोलून झाल्यावर, माणसं चपला शोधायला लागल्यावर त्याच्या तोंडून निघायचं. नागपूरच्या तांडापेठेतल्या शेजारणी म्हणत, या माणसानं अंतरपाट धरल्यावर 'आधी मुलगी पाहू द्या' म्हटलं असेल. त्याची बायको सुभद्रा हसायची. म्हणायची, तेवढंही नाही म्हटलं बाई, पाचव्या दिवशी नाव विचारलं.

पण याच खोडीवर त्याचं पोट भरलं.

तो गांधीबागेत बाबारावांच्या कापडाच्या ठोक दुकानात कामाला होता. गाठी उघडायच्या, आतले थान, म्हणजे कापडाचे ताके मोजायचे, पुन्हा बांधायचे. स्टेशनापलीकडच्या एका गोदामात दर महिन्याला बेवारस मालाचा लिलाव होई. गाडीत विसरलेल्या छत्र्या, वळकट्या, सायकली, ट्रंका, आणि मालकांनी सोडवून न नेलेल्या कापडाच्या गाठी. बाबारावांचा मुनीम बोली बोलायला जात असे. एकसष्ट साली मुनीमजी तापानं पडले आणि बाबारावांनी चंद्रभानला पाठवलं. चार गाठी आहेत, तीनशेपर्यंत जा, एवढंच सांगितलं.

तिथे पुकारा करायला नत्थूजी म्हणून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ असत. त्यांचा पुकारा ठेक्यात चाले. आकडा म्हणून 'एक' म्हणायचे, मग 'दो' म्हणायचे, आणि 'तीन'च्या आधी छाती भरून एक श्वास घ्यायचे. चंद्रभान सकाळपासून खांबाला टेकून उभा होता. पन्नासदा तोंड उघडलं आणि पन्नासदा मिटलं. गाठींची बोली एकशे ऐंशीवर थांबली. 'एकसौ अस्सी एक' झालं, 'दो' झालं. आता रिकाम्या हातानं गेलो तर शेठ काय म्हणेल, या भीतीनं नत्थूजींच्या त्या एका श्वासात चंद्रभानच्या तोंडून निघून गेलं, "एकशे नव्वद."

कुणीच पुढे बोललं नाही. बोलणारे केव्हाच पुढच्या ढिगाकडे वळले होते. मन एकदा उठलं की माणूस पुन्हा त्या वस्तूवर बसत नाही, हे चंद्रभानला त्या दिवशी कळलं. बाबारावांना तर त्याच्या आधी कळलं. त्यांनी त्याचा नेमच करून टाकला. लिलावाच्या दिवशी ते एका चिठ्ठीवर आकडा लिहून देत. हा आकडा ओलांडायचा नाही आणि 'दो' म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चंद्रभाननं बारा वर्षं हा नेम पाळला. व्रत पाळावं तसा. गोदामात लोकांनी त्याचं नाव 'चिठ्ठी' पाडलं. तो बोलला की म्हणत, चिठ्ठी बोलली. त्याचं स्वतःचं मत, हौस, राग, काही नाही. चावी दिली की ठरल्या क्षणी वाजणारं घड्याळ.

ट्रंका तिथे कुलूपबंदच विकत. आत काय आहे ते घेणाऱ्याचं नशीब. चंद्रभान कधी ट्रंकेच्या वाटेला गेला नाही. फक्त एकदा बाबारावांनी, काय वास लागला कोण जाणे, एका ट्रंकेसाठी चिठ्ठी दिली, आणि तिच्यात भारी पातळं निघाली. पाच निघाली होती. गोदामातल्या गप्पांत ती पन्नास झाली.

गोदामाची एक रीतही होती. एखादा गरीब माणूस पुकाऱ्याच्या आधी पुढे येऊन हात जोडून म्हणाला, "ही माह्या घरची वस्तू आहे," तर त्या वस्तूवर दुसरं कुणी बोलत नसे. पहिल्याच आकड्याला नत्थूजी त्याला देऊन टाकत. हा कायदा नव्हता, नुसती माणसांची लाज होती. एका विधवेनं नवऱ्याची सायकल अशी अठरा रुपयांत परत नेली. चंद्रभाननंच ती गोष्ट घरी येऊन सांगितली होती आणि सुभद्रेनं डोळ्याला पदर लावला होता.

त्यांना एकच मुलगी, पुष्पलता. एकाहत्तर साली तिला गोंदियाला दिली. लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा देते. बोटभर उंचीची पितळेची मूर्ती, हातात पळी. ती तांदळाच्या वाटीत उभी ठेवायची आणि रोज दोन दाणे वाहायचे. सुभद्रेनं नवी विकत आणली नाही. तिच्या आईनं तिला दिलेली, आईला आजीनं दिलेली, तीच लेकीच्या ओटीत घातली. घासून घासून तिचं नाकडोळ्यांचं काही राहिलं नव्हतं. पण सुभद्रा म्हणायची, ओळखायला डोळे तिचे नाही, आपले लागतात.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुष्पलता पहिल्या बाळंतपणासाठी दिरासोबत माहेरी यायला निघाली. सासू देवदेव करणारी नव्हती. म्हणून आपल्यामागं अन्नपूर्णेची आबाळ नको, असं म्हणत पुष्पलतेनं मूर्ती रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती, हे दिरानं मागून सांगितलं. तुमसर यायच्या आधीच तिला गाडीत त्रास सुरू झाला. लोकांनी हातावर उतरवून दवाखान्यात नेलं. ट्रंक बाकाखाली राहून गाडीबरोबर पुढे गेली. चंद्रभान आणि सुभद्रा पोचले तेव्हा तिथे उरलं नव्हतं कुणी. ती नाही आणि बाळही नाही.

ट्रंकेची आठवण कुणाला व्हायची! दिवस झाले, पितृपक्ष आला. अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालून सुभद्रा हात धूत होती, तशीच थांबली. म्हणाली, आवो, अन्नपूर्णा कुठं आहे? त्या दिवसापासून तिचं एकच सुरू झालं. पोर गेली, ते देवानं नेलं. पण देवी कुठं तरी अंधारात उपाशी पडून आहे, आणि ती आपल्या हातून पडली. ती ताटावर बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. चंद्रभान चिठ्ठी खिशात घालून गोदामात जायचा, गाठी घेऊन यायचा, आणि घरी आल्यावर ती ताट झाकून ठेवताना पाहायचा.

दिवाळीनंतर लिलावाचा माल पाहायच्या दिवशी चंद्रभानला ट्रंक दिसली. काळी, झाकणावर लाल गुलाब, तशा तिथे आठ-दहा होत्या. पण हिच्या कडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी कडी निसटली तेव्हा त्यानंच ती पक्कडीनं पिळली होती. तो खाली बसला आणि तारेवरून बोट फिरवत राहिला.

गोदामातल्या बाबूंना त्यानं विचारलं. ते चांगले होते. म्हणाले, किल्ली दाखवा, आत्ता देतो. किल्ली पुष्पलतेच्या पदराला होती. पदरासकट गेली. अर्ज करायची मुदत केव्हाच सरली होती आणि चंद्रभानला ती असते हेच ठाऊक नव्हतं. बाबू म्हणाले, शनिवारी लिलावात घेऊन टाका. तुम्हांला काय सांगायचं चंद्रभानजी, तुमचंच काम ते.

तुमचंच काम, हे त्याच्या मनात बसलं. बारा वर्षं त्यानं दुसऱ्याच्या आकड्यावर दुसऱ्यासाठी माल आणला. आता पहिल्यांदा स्वतःसाठी आणायचा होता. ट्रंका चाळीस-पन्नासला जात. त्यानं घरातले होते नव्हते ते एकशे पासष्ट रुपये बंडीच्या आतल्या खिशात घातले.

शुक्रवारी सुभद्रेनं देवघर सारवून ठेवलं. मग त्याच्यासमोर येऊन बसली.

"आवो, मले घेऊन चला. मी हात जोडून सांगतो, पेटी माह्या पोरीची आहे म्हणून. त्या बाईले सायकल नाही का देल्ली?"

"तू काहून येतं वं तिथं? माणसांची गर्दी राह्यते."

"मंग तुमी सांगा."

तिला कसं सांगावं चंद्रभानला कळेना. गरज दाखवली की भाव चढतो, हे बाबारावांचं वाक्य त्याच्या हाडात मुरलं होतं. आणि दुसरं म्हणजे त्या सगळ्यांसमोर, आधी, पहिल्यांदा बोलायचं. लोक वळून पाहणार. पोरीचं नाव तिथे, छत्र्या आणि वळकट्यांमध्ये काढायचं.

"तू चिंता नको करू," तो म्हणाला. "आजपर्यंत माह्या हातून काही सुटलं का? नत्थूजीनं दो म्हटलं की आणलीच समज."

शनिवारी तो नेहमीच्या खांबाला टेकून उभा राहिला. गाठी झाल्या. बाबारावांची चिठ्ठी होती त्या दोन त्यानं घेतल्या. मग सायकली झाल्या, आणि ट्रंका सुरू झाल्या. ट्रंका घेणाऱ्यांत जरीपटक्याचा रुपराव मुख्य. जुन्या सामानाचं दुकान असलेला, जाडा, बोलका माणूस. दर वेळी पाच-सहा ट्रंका घ्यायचा आणि म्हणायचा, मी लॉटरी घेऊन राहिलो, बाकी काही नाही.

तारेची ट्रंक पुढे आली. नत्थूजींनी वीसवर सुरू केली. रुपरावनं पंचेचाळीसवर नेली, बाकीचे थांबले. 'पैंतालीस एक.' लोक पुढच्या ट्रंकेकडे पाहू लागले. 'पैंतालीस दो.' नत्थूजींची छाती भरली.

"पन्नास," चंद्रभान म्हणाला.

बारा वर्षांत जसा जमला तसाच क्षण जमला होता. एका केसाचा फरक नाही. पण या वेळी कुणी पाठ फिरवली नाही. सगळे वळून त्याच्याकडे पाहू लागले. मागून कुणी तरी म्हणालं, "अरे, चिठ्ठी बोलली गा, पेटीवर बोलली." आणि रुपराव, जो बसायची जागा शोधत होता, तो ताठ झाला.

चंद्रभानला तेव्हा कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. तो कधी उगाच बोलत नाही, हे त्या गोदामात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. चिठ्ठी ट्रंकेवर बोलली म्हणजे बाबारावांना आतलं माहीत आहे. पातळांची गोष्ट प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. साठ झाले, पंच्याहत्तर झाले. ज्यांनी कधी ट्रंक घेतली नाही तेही बोलू लागले. शंभर. चंद्रभान दर वेळी 'दो'पर्यंत थांबे आणि मग बोले. दुसरं त्याला येतच नव्हतं. आणि तो जितका थांबे तितकी लोकांची खात्री पटे. एकशे चाळीसला बाकीचे गळाले. रुपराव उरला. चंद्रभाननं एकशे साठ म्हटलं. रुपरावनं एकशे सत्तर.

'एकसौ सत्तर एक.'

खिशात एकशे पासष्ट होते. चंद्रभान खांब सोडून पुढे आला. टोपी काढून त्यानं हात जोडले, आणि आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"रुपरावजी, पेटी माह्या पोरीची आहे. माह्या घरची आहे."

थोडे लोक हसले. नत्थूजी हसले नाहीत. पण ते पुकारायला बसले होते, न्याय द्यायला नाही. रुपरावही रागावला नाही. त्याला खरंच नवल वाटलं.

"मंग आधी काहून नाही बोलला गा?" तो म्हणाला. "आधी बोलला असता तर मी शब्द काढला असता का? आता एकशे साठवर येऊन पोरीची म्हणून राहिला. बाबारावाले सांग, या खेपेस चिठ्ठी कच्ची पडली."

'दो' झालं. नत्थूजींनी या वेळी श्वास जरा लांबवला, असं पाहणारे म्हणतात. कुणी बोललं नाही. 'तीन' झालं.

बाबारावांच्या गाठी दुकानात पोचवायच्या होत्या, त्या पोचवून चंद्रभान संध्याकाळी जरीपटक्याला गेला. रुपराव दुकानात डोकं धरून बसला होता. ट्रंक फोडलेली होती. आत दोन लुगडी, एक शाल, बाळासाठी शिवलेली टोपडी-झबली, खोबरेल तेलाची बाटली. टोपड्यांकडे पाहून त्याला सगळं समजलं होतं. चंद्रभानला पाहताच तो उठला. म्हणाला, माणूस म्हणून माझं चुकलं, पैसे नको, घेऊन जा. चंद्रभाननं विचारलं, पितळेची मूर्ती होती का? रुपराव पुन्हा खाली बसला. मूर्ती होती. भांड्यांची मोड घेणारा दुपारी आला होता. रुपरावनं रागाच्या भरात रुमाल झटकला आणि मूर्ती त्याच्या पोत्यात टाकली. पोतं भंडाऱ्याला गेलं होतं, वितळायला.

त्यानं भंडाऱ्याच्या भट्टीवाल्याचं नाव सांगितलं, ट्रंक स्वतः सायकलरिक्षात चढवून दिली, आणि रिक्षाचे पैसेही दिले. सुभद्रेनं एकेक कपडा काढून मांडीवर घेतला. तळ लागला तरी ती हात फिरवत राहिली.

सकाळी ती चप्पल घालून दारात उभी होती. चंद्रभान म्हणाला, दगदग कशाला, मी घेऊनच येतो. आणि पहिल्या बसनं एकटाच गेला.

भट्टीचे मालक महादेवराव म्हणून वयस्क गृहस्थ होते. ऐकून घेतलं आणि चार माणसं लावून मोडीचा ढीग पसरायला सांगितला. फुटके गडवे, दांडा गेलेल्या पळ्या, समयांचे तुकडे, आणि देव. इतके देव लोक मोडीत देतात हे चंद्रभानला माहीत नव्हतं. त्यातून अन्नपूर्णा निघाल्या पाच. पाचही बोटभर, पाचही घासून गुळगुळीत. त्यानं त्या ओळीनं मांडल्या आणि पाहत बसला. भिजलेल्या गाठीत किती थान सडले असतील ते तो बाहेरून हात लावून सांगायचा. पण बावीस वर्षं घरात असलेली देवी त्याला ओळखू येईना. रोज आंघोळ करून तो देवघरापुढे उभा राही, डोळे मिटून.

महादेवराव म्हणाले, पाचही घेऊन जा, घरी बाई ओळखतील. चंद्रभान घाबरला. दुसऱ्यांच्या घरच्या पुजलेल्या देव्या. त्यांचे नेम, त्यांचे नवस कोण जाणे काय. त्या घरात नेऊन चुकलं तर? आधीच घरावर काय कमी आलं होतं? तो म्हणाला, उद्या बायकोला घेऊन येतो. महादेवरावांनी पाचही मूर्ती भिंतीतल्या एका फळीवर काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं पोचली तेव्हा महादेवराव दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पहाटे भट्टी लावणारा गडी दुसरा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. राहिलेली मोड फळीवर आहे असं समजून त्यानं ती मुशीत लोटली. महादेवराव गड्याला बोलायला लागले तर सुभद्रेनंच हातानं थांबवलं. तिनं विचारलं, यातून काय करून राहिले? ते म्हणाले, गुंड. पाणी भरायचे गुंड.

अंगणात तसे तीस-पस्तीस गुंड उन्हात मांडलेले होते. सुभद्रेनं डोक्यावर पदर घेतला, वाकून भट्टीच्या मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग म्हणाली, "काल मले नेलं असतं तर."

एवढंच. मोठ्यानं नाही, त्याच्याकडे पाहूनही नाही. बसमध्ये ती बायकांच्या बाकावर बसली, तो मागे उभा राहिला. नागपूर येईपर्यंत तिनं मान वळवली नाही. पुढच्या आठ वर्षांत, म्हणजे ती होती तोवर, तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. दोन घास खाऊन उठायची तेही तसंच राहिलं. शेजारणी म्हणत, बरी आहे की सुभद्राबाई, हसते, बोलते. चंद्रभानशीही बोलायची. दळण आणा, पाणी आलं, छत ठिबकून राहिलं.

बाबारावांना त्या शनिवारची हकीकत कळली तेव्हा ते हळहळले. मला सांगितलं असतंस तर मीच पुढे झालो असतो, म्हणाले. चंद्रभाननं मान डोलावली. सांगायचं त्याच्या मनात आलं होतं, पण तोवर शनिवार येऊन गेला होता.

दुसरं काम त्याला येत नव्हतं. पुढच्या महिन्यात चिठ्ठी घेऊन तो पुन्हा गोदामात गेला आणि त्याच खांबाला टेकला. तिथल्या लोकांना आता एक नवी गंमत सापडली होती. कापडाची गाठ असो, मोडकी छत्री असो, पुकारा सुरू व्हायच्या आधी कुणी तरी हमखास मान वळवून विचारायचं, "काहून गा चिठ्ठी, घरची तर नाही?" रुपराव तेवढा हसत नसे. तो दुसरीकडे पाहायचा. बाकीच्यांच्याही मनात वाईट नव्हतं. त्यांना खरी गोष्ट माहीत नव्हती, आणि चंद्रभाननं ती कुणाला सांगितली नाही. दरवेळी त्याला वाटायचं, आता सांगावी. तो घसा खाकरायचा. तेवढ्यात नत्थूजी आकडा म्हणायचे, 'एक' म्हणायचे, आणि 'दो' होईपर्यंत तर त्याला बोलायचं नसे.